उदाहरणासह स्पष्ट करा (गुण दहा)

पेपर चौथा, आरोग्याचे समाजशास्त्र.
सांगलीचं केंद्र, तिसरा मजला,
शेवटचा बाक, एका पायानं लंगडा.
प्रश्न दुसरा:
'साथीचा रोग सर्वांना समान लेखतो.'
या विधानाचे परीक्षण करा. उदाहरणासह.

उदाहरण माझ्या पिशवीत आहे, सर,
पण पिशवी बाहेर ठेवायला लावलीत.

मिरज. दवाखान्यांचं गाव म्हणतात.
अथणी, जमखंडीकडची माणसं
पोटाला हात लावून इथं उतरतात,
रुळांपलीकडची आमची वस्ती न बघता पुढं जातात.
मी तिथली आशा.
हे पदाचं नाव आहे, सर, अलंकार नाही.

पाणी पहाटे साडेचारला सुटतं.
बंगल्यांच्या मोटारी आधी पोटभर पितात.
मालन सकटेच्या नळाला सहाला येतं,
गटारात बुडालेल्या पाइपातनं,
करंगळीएवढं.
पुस्तकात याला संरचना म्हटलंय.
मालन म्हणते, शेवटचं टोक.
दोन्ही बरोबर. मालनचा शब्द
बादलीत मावतो, एवढंच.

रजिस्टरात रकाने आहेत:
नाव, वय, जुलाब किती वेळा.
हौसाबाई वायदंडे, बावन्न, नऊ वेळा.
नऊ वेळा कुठं, हा रकाना नाही.
चाळीस घरांत दोन संडास,
एकाला कडी नाही,
रात्री बल्ब नाही,
आणि रांगेतल्या बायका आजारी बाईला पुढं सोडतात
पहिल्या तीन वेळा.

पाणी उकळून प्या, असं पत्रक वाटलं.
इलाही तांबोळीनं ते नीट वाचलं,
मग सिलिंडर एका हातानं उचलून दाखवला.
'ताई, चहा उकळू का पाणी, एक काय ते सांगा.'
आढावा बैठकीत साहेब म्हणाले, अज्ञान आहे लोकांत.
त्यांच्यासमोर सीलबंद बाटली होती.
मी तिच्याकडं बघत बसले.

सिद्धांत सांगतो, रोग बदलतो, औषध बदलतं,
ज्याच्याकडं पैसा, माहिती, ओळख
तो दर वेळी नवी वाट शोधून निसटतो.
मला हे पाठ करावं लागलं नाही.
माझी तीन वर्षांची तीन रजिस्टरं शेजारी ठेवली:
डेंगू, कावीळ, गॅस्ट्रो.
रोग तीन.
घर क्रमांक बहुतेक तेच.

आता जे उत्तरात लिहिणार नाही, ते.
क्लोरीनच्या बाटल्या आल्या चाळीस.
घरं एकशे बारा.
यादी मी केली.
पहिली बाटली माझ्या घरी गेली,
दुसरी जावेकडं.
कुणी विचारलं नाही, मीही नाही.
ओळख हेही भांडवलच असतं, पान त्र्याऐंशी.
वाक्य साथीच्या आधी आवडलं होतं,
पेन्सिलीनं खाली रेघ मारली होती.
नंतर खोडली.
कागदावर वण राहिला.

हौसाबाईंना रिक्षावाल्यानं दोनदा नाही म्हटलं,
सीट खराब होईल म्हणाला.
तिसरा तयार झाला तेव्हा घाई उरली नव्हती.
दाखल्यावर कारण: हृदय बंद पडणे.
खरंच आहे. सगळ्यांचं तेच बंद पडतं.
तेवढ्यापुरतं, सर,
विधान बरोबर आहे.

पंधरा मिनिटं उरली.
उत्तराला ओळी कमी पडतात,
मी हात वर करते, पुरवणी मागते.
पर्यवेक्षक पुढून वाटत येतात, बाकामागून बाक,
माझ्यापाशी येऊन रिकामे हात दाखवतात.
'संपल्या. पुढच्यांनी दोन-दोन घेतल्या.'